वेल्ड क्रमांक सतरा

तिचं नाव वाल्वे.
एस्टोनियन भाषेत त्याचा अर्थ पहारा.
आपल्याकडच्या फिटरांच्या तोंडी वाल्व म्हणजे झडप.
दोन्ही अर्थांनी बाई योग्य जागी नोकरीला लागली.

नार्वा नदीच्या अलीकडे, तेलखडक जाळणाऱ्या वीजकेंद्रात
ऑगस्टमध्ये तीन आठवडे बॉयलर विझवतात.
एरवी पाचशे चाळीस अंशांवर घुमणारा पाइप
तेव्हा कुठे हात लावू देतो.
ती परांचीवर चढते. गेन्नादी खाली दिवा धरून,
तोंडात न पेटवलेली सिगारेट.
वरचं लोकरी आवरण सोललं की आत पोलाद,
करडं, मुकाट,
काल बसवल्यासारखं.

ती घासते. आधी खरखरीत, मग मऊ, मग हिऱ्याची भुकटी,
त्यात स्वतःचं नाक दिसेपर्यंत.
मग आम्लाचा बोळा. चमक जराशी मरते.
मग ॲसिटोनात भिजवलेली पातळ फिल्म
अंगठ्याने दाबते,
तापल्या कपाळावर घडी ठेवावी तशी.
वाळली की सोलते.
पोलादाचा उलटा ठसा, नखाएवढा,
डबीत. डबीवर तारीख.
अशा अकरा डब्या आहेत, या एकाच सांध्याच्या.

पहिल्या चारांत काहीच नाही.
पाचवीत एक छिद्र,
दोन कणांच्या मधल्या बांधावर.
(भांडण बांधावरच सुरू होतं, शेत कुठलंही असो.)
सहावीत, सातवीत आणखी काही,
बाजार उठल्यावर उरलेल्या माणसांसारखी पांगलेली,
एकमेकांची ओळख नसलेली.
नववीत ती रांगेत उभी.
अकरावीत
त्यांनी हात धरलेत.

काचेला तडा जातो, आवाज होतो, सगळे वळून बघतात.
टाचेला भेग पडते, ठणकते, तेल मागून घेते.
याला काय म्हणायचं?
हे जात नाही, पडत नाही,
वाफेच्या दाबाखाली, उष्णतेत,
हजार तासांत केसाच्या जाडीइतकं
पुढे सरकतं.
तेवढ्यात वाल्वेची नखं चारदा कापून होतात.

‘किती दिवस आहेत?’ उर्मास विचारतो. तो साहेब.
‘तास विचारा.’
‘बरं, तास.’
ती एक आकडा सांगते, मग दुसरा,
आणि दोहोंच्या मधलं अंतर एवढं मोठं
की उर्मास खिडकीबाहेर बघतो.
दोन वर्षांत केंद्रच बंद व्हायचंय.
नवा सांधा घालायला पैसा कोण देणार,
आणि कशाला?

ठरतं ते असं: तापमान दहा अंश उतरवा.
फक्त दहा. बटण फिरवण्याइतकं.
कागदावर पोलादाचं आयुष्य तेवढ्याने जवळजवळ दुप्पट होतं.
वाल्वे सही करते.
रेइनबरोबर राहत होती त्या शेवटच्या हिवाळ्यात
तिनेही आवाज दहा अंश उतरवून पाहिला होता.
तेव्हा कोणती डबी चालू होती
कोण जाणे.

सांध्याच्या कडेला छिन्नीने ठोकलेली खूण आहे, के-४.
म्हणजे काल्यो. एकाहत्तर साली त्याने हा जोडला.
आता तो सिल्लामाएच्या वृद्धाश्रमात,
समुद्राकडे पाठ करून बसतो, वारा डोळ्यांना झोंबतो म्हणून.
रविवारी ती मायक्रोस्कोपातला फोटो घेऊन जाते,
मोठा करून छापलेला:
कणांची फरशी, आणि तिच्यातून
तिरपी उतरत गेलेली काळी वाट.

तो चष्मा शोधतो. सापडतो खिशातच.
बराच वेळ बघतो.
तिला वाटतं, म्हणेल, त्या दिवशी थंडी फार होती,
किंवा, घाई केली त्यांनी,
किंवा, माझा नव्हेच हा.

तो कागद हातात फिरवतो, वरची बाजू खाली करतो.
‘उलटा धरला होतास,’ म्हणतो.
‘वाफ या बाजूने येते.’

मग विचारतो, कँटीनमध्ये अजून
बडीशेपेचं सूप देतात का.